ट्रॅकवर भज्यांचा वास

दोन हजार पाच साल. शाळेच्या दाखल्यावर मी चौसष्ट वर्षांचा आणि आईच्या हिशेबानं सहासष्ट, कारण मास्तरांनी मला शाळेत घेताना मनानंच जन्मतारीख टाकली होती. त्या शाळेत मी चौथीपर्यंत टिकलो. पुढचं शिक्षण ट्रकच्या केबिनमध्ये झालं. गूळ भरायचा, गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात टाकायचा आणि येताना मिळेल तो माल घेऊन वर चढायचं. पावसाळ्यात त्या घाटात आपल्याच गाडीचं बॉनेट दिसत नाही. तिथं आख्खी उमर गाडी उतरवली आणि एकदाही कठड्याला घासली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना ज्याला हसायचं तो बेतानं हसेल.

त्या वर्षी पाऊस संपता संपता मी दूध कट्ट्यावर एका म्हशीला गाडी लावली.

लावली म्हणजे टेकवली. आमच्या गावात म्हशी कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळ दूध पेल्यातून तिथंच प्यायचं असतं. मी रोज सकाळी जायचो. कट्टा घरापासून हाकेच्या अंतरावर, पण मी गाडीनंच जायचो. गाडी असताना चालत जायचं म्हणजे गाडीचा अपमान. त्या दिवशी नेहमीच्या जागी ब्रेक दाबला आणि गाडी नेहमीच्या जागी थांबलीच नाही. वीतभर पुढं सरकली आणि बंपर म्हशीच्या मागच्या अंगाला टेकला. म्हैस हलली नाही. मालक हलला.

"ओ मामा! म्हस हाय ती, तुमच्या घरची भित न्हवं!"

"तुझी म्हस मागं सरली," मी म्हणालो.

"मागं सरली? तिच्या पुढ्यात वैरण हाय. ती कशाला मागं सरंल?"

सगळा कट्टा हसला. मी दूध पिऊन घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती.

मुलगा एमआयडीसीत फौंड्रीच्या ऑफिसात होता. एरवी सकाळी तोंडातून शब्द काढत नाही. त्या दिवशी उंबऱ्यातच उभा.

"आबा, आता गाडी बास करा. पाय मंद झालाय तुमचा."

"पाय न्हाय, ब्रेक मंद झालाय."

"दर येळी तुमच्या मतानं दुसऱ्याचंच चुकलेलं असतंय. आज म्हस व्हती. उद्या माणूस असंल."

हे बोलणं मला लागलं. खरं असेल म्हणून लागलं की पोरगं बोललं म्हणून, ते तेव्हा कळलं नाही. ट्रक विकून मी ती छोटी पांढरी गाडी घेतली होती. ट्रक गेल्यावर मी कोण, तर त्या गाडीचा ड्रायव्हर. खिशात किल्ली नसली की मला धोतर नेसायचं विसरल्यासारखं वाटायचं. आणि हा म्हणत होता, ती किल्ली माझ्याकडं द्या.

गल्लीला ऐकू जाईल असं भांडण झालं. शेवटी त्यानंच तोडगा काढला. त्याच्या वर्गातल्या एका दोस्ताचं गॅरेज होतं आणि अधूनमधून एखाद्या रविवारी तो शहराबाहेरच्या ट्रॅकवर हौशी लोकांना जमवायचा. ज्याची त्यानं आपापली गाडी आणायची, डोक्याला हेल्मेट घालायचं आणि मोकळ्या डांबरावर पळवायची. शर्यत नाही, बक्षीस नाही. पेट्रोल जाळून समाधानानं घरी जायचं. मला हे खूळ ऐकून माहीत होतं आणि पटत नव्हतं. जिथं पोचायचं नाही तिथं एवढं जोरात कशाला जायचं?

"दसऱ्यानंतरच्या रविवारी तितं चला," मुलगा म्हणाला. "तीन फेऱ्या जोरात मारा. शेवटी सरळ पट्ट्यावर माझा दोस्त प्लास्टिकचे शंकू मांडंल. त्यांच्या आत गाडी थांबवा. थांबली तर मी पुन्हा तोंड उघडणार न्हाय. शंकू पडला, तर किल्ली माझ्याकडं."

"कबूल. आणि शब्द म्हंजे शब्द."

आमची मंडळी चुलीपुढून म्हणाली, "म्हशीलाबी न्या साक्षीला."

त्याच दुपारी मी पुढची चाकं काढली. छोट्या गाडीला पुढं लोखंडी चकती असते, डिस्क. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी दोन पॅड तिला चिमटा घेतात, आणि त्या चिमट्यावर गाडी थांबते. माझी पॅड झिजून शंकरपाळ्याएवढी राहिली होती. मी मुलाला हाक मारून ती दाखवली. पाय मंद की ब्रेक मंद?

तो म्हणाला, "पॅड झिजल्यात हे पायाला कळाय नको व्हतं?"

ह्या पोराला शिकवला ही माझीच चूक.

स्पेअर पार्टच्या दुकानदाराकडं आम्ही दोघं गेलो. हा दुकानदार माझ्या ट्रकच्या जमान्यातला, पान खाणारा, आणि गिऱ्हाइकाची फजिती हाच त्याचा नफा. मुलगा कुठल्या तरी मासिकात वाचून आला होता. त्याला रेसची पॅड हवी होती, पुण्याहून मागवायची.

"रेसचं पॅड गरम झाल्याबिगर चावत न्हाय," मी म्हणालो. "कट्ट्यावर जाईपर्यंत काय ते गरम हुतंय? थंड तव्यावर भाकरी टाकल्यागत हुईल. आणि अगदीच मऊ घेतलं तर तिसऱ्या फेरीला करपंल. आपल्याला मधलं पायजे."

"रोज दूध आणायचं आणि एक दिवस उंडगायचं, दोन्हीला चालंल असं," दुकानदार म्हणाला. "म्हंजे गाडीबरोबर येतंय त्येच. आबा, म्हशीसाठी एक जोड येगळा देऊ का?"

बातमी तिथंही पोचली होती.

पॅड घेतली. चकत्या लेथवर देऊन सपाट करून घेतल्या, कारण जुन्या चकतीवर नाल्या पडलेल्या असल्या तर नवं पॅड कडेकडेनंच टेकतं. मागच्या ड्रमची धूळ काढून लायनर आवळले. आणि ब्रेकचं ऑइल बदललं. हे मुलाला पटेना. डबी तर भरलेली आहे, मग बदलायचं कशाला? आता त्याला काय सांगू. ते ऑइल हवेतलं पाणी पितं. दोन पावसाळे गेले की त्याचा रंग चहासारखा होतो. मग घाटात सारखा ब्रेक दाबला की आतल्या आत त्याला उकळी फुटते, आणि पेडल मऊ पडून थेट तळाला जातं. माझ्या डोळ्यांसमोर एका गाडीचं असं झालं होतं. तो ड्रायव्हर डोंगराच्या अंगाला गाडी घासून वाचला. वाचल्यावर त्यानं पहिली शिवी ऑइलला घातली.

ऑइल बदललं की नळीत हवा शिरते आणि ती काढायला दोन माणसं लागतात. एक खाली चाकापाशी बोल्ट सैल करायला, एक वर पेडल मारायला. आमच्यात वरचं माणूस म्हणजे आमची मंडळी. ट्रकपासूनचं तिचं काम. नऊवारीचा काष्टा सावरून ती सीटवर चढून बसली.

"मार," मी खालून ओरडलो. "मार. मार. धर! सोडू नगंस!"

"धरलंय की! वरडताय कशाला, गल्ली काय बहिरी हाय?"

"सोड. मार पुन्हा."

"तुमची हवा काढण्यात माझा जलम गेला," ती वरून म्हणाली. शेजारीण हसली. पण पेडल असं टणक झालं की त्यावर नारळ फोडावा.

आता राहिलं पॅड लावायचं. मुलगा म्हणाला, लगेच लावा आणि चार दिवस चालवून बसवून घ्या. त्याचं बरोबर होतं. पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी आमच्याकडं सगळी हत्यारं धुऊन पुसून देवापुढं मांडतात. पाने, जॅक, पक्कड, टामी. ट्रक होता तेव्हापासूनची पद्धत. मी म्हणालो, नवीन पॅड पण हत्यारच आहे. पुजल्याशिवाय लावणार नाही. मुलानं कपाळाला हात लावला, पण आपल्या आईपुढं पूजेविरुद्ध बोलायची त्याची छाती नव्हती.

पॅड पाटावर मांडली. पूजा मंडळीनं केली. हळद, कुंकू, झेंडूचं फूल, उदबत्ती. मी नमस्कार केला आणि आपट्याच्या पानांची सोय बघायला बाहेर गेलो.

दसऱ्याला सकाळी चाकं काढून पॅड लावली. हळदकुंकू फडक्यानं पुसलं, पॅडच्या पाठीमागच्या पत्र्यावर तेवढं शकुनाला ठेवलं. गाडीला हार घातला आणि पॅड बसवायला उचगावच्या रस्त्याला लागलो. नवीन पॅडला सवय लावावी लागते. गाडी पळवायची, ब्रेकनं सावकाश हळू करायची, पण उभी करायची नाही. पुन्हा पळवायची. गरम पॅड दाबून धरलं तर चकतीवर डाग उमटतो आणि मग पाय थरथरतो. हे मी बिनचूक केलं.

ब्रेक काही जोरात धरत नव्हते. नवीन आहेत, बसतील, म्हणालो. आणि एक गोष्ट मला त्या दिवशी फार आवडली. दर वेळी ब्रेक लावला की भज्यांचा वास यायचा. सणाचा दिवस, रस्त्याच्या कडेला गाडे, कढया चढलेल्या. वासानं जीव एवढा खवळला की परत येताना एका गाड्यावर थांबून मी प्लेटभर कांदाभजी खाल्ली. गाडेवाल्याला म्हणालोसुद्धा, "लेका, तुझ्या तेलाचा वास मैलभर येतोय." तो खूश झाला.

रविवारी ट्रॅकवर गेलो. माझ्या आधी दहाबारा गाड्या आलेल्या. एकीचा सायलेन्सर असा मोठा की आत मांजर व्यावं. बघ्यांत आमचा दुकानदार पण होता. "माल माझा हाय, रिझल्ट बघाय नको?" म्हणाला.

मुलाचा दोस्त हेल्मेट घेऊन पुढं आला. "आबा, टोपी काढा."

"टोपी निघणार न्हाय."

"हेल्मेट बसायचं न्हाय मग."

"मोठं आण."

त्यानं मोठं आणलं. टोपीवर हेल्मेट घालून मी बसलो. दुकानदार म्हणाला की आबा आता कळशीवर कळशी ठेवल्यागत दिसतायत. मुलगाही हेल्मेट घालून शेजारी बसला. आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं त्याला.

पहिली फेरी झकास गेली. वळणाआधी ब्रेक, मग गिअर, मग वळण. मुलानं दरवाजावरची मूठ धरली होती, ती मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितली आणि मला बरं वाटलं. दुसऱ्या फेरीला जोर वाढवला आणि भज्यांचा वास आला.

"इथंबी गाडा हाय काय रं?" मी विचारलं.

"कसला गाडा? आबा, पुढं बघा!"

वळणावर गाडी मला पाहिजे त्याहून जास्त पुढं गेली. बघ्यांच्या बाजूनं गेलो तर चारपाच जण माना वळवून भजीवाला शोधताना दिसले. तिसऱ्या फेरीला वास असा सुटला की आपणच कढईत बसलोय असं वाटावं. पेडल टणक होतं, हवा नव्हती, ऑइल उकळलं नव्हतं. मी दाबत होतो आणि गाडी ऐकत नव्हती. लोण्यावर सुरी फिरवावी तशी पॅड चकतीवर फिरत होती.

सरळ पट्टा आला. पुढं केशरी शंकूंच्या दोन रांगा आणि शेवटी एक आडवी ओळ. त्याच्या पलीकडं टायरची भिंत. मी सगळा भार देऊन ब्रेक दाबला. काही नाही. मग पायानं विचारायचं बंद केलं आणि घाटात करायचो ते केलं. चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा, इंजिन किंचाळलं, मुलगाही किंचाळला. हँडब्रेक एकदम न ओढता टप्प्याटप्प्यानं ओढला. आडव्या ओळीतला एकही शंकू उभा राहिला नाही. एक तर बॉनेटवर येऊन बसला. पण टायरच्या भिंतीआधी गाडी थांबली, आणि सरळ थांबली.

मी हँडब्रेक सोडला. ड्रम गरम असताना तो ओढून ठेवायचा नसतो. मुलाला म्हणालो, "चाकाला दगड लाव."

तो उतरला, दगड लावला आणि चाकापाशी वाकला. दोस्तानं चाक खोललं, पॅड बाहेर काढलं, निवू दिलं आणि नाकाला लावलं. मग मुलाच्या नाकाला लावलं. मग दुकानदारानं घेतलं.

"शेंगतेल," दुकानदार म्हणाला. "आणि घाण्याचं. पॅडनं पोटभर पिलंय. आबा, आमच्या मालात कंपनी तेल घालत न्हाय हो."

माझ्या डोळ्यांपुढं एकदम पाट आला. दर खंडेनवमीला मंडळी पूजा झाली की प्रत्येक हत्यारावरून तेलाचं बोट फिरवते. लोखंड आहे, गंजू नये, हत्यारानं वर्षभर धन्याला साथ द्यावी. लग्न करून आली तेव्हापासून करतेय, आणि माझा एक पाना कधी गंजला नाही. पॅड रात्रभर त्या पाटावर तेल पीत बसलं होतं आणि मी सकाळी फडक्यानं वरची हळद पुसली.

मुलाच्याही ध्यानात आलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. आणि मग जे भांडण झालं ते उलटंच झालं.

मी खिशातून किल्ली काढून त्याच्या हातात दिली. "शंकू पडले. किल्ली तुझी."

"आबा, हे धरायचं न्हाय. पायाचा दोष न्हाय, तेलाचा हाय. पुढच्या येळी पुन्हा करू."

"धरायचं. शब्द म्हंजे शब्द."

"अवो, म्या बघितलं की कशी थांबवली ती! म्या असतो तर टायरात असतो. घ्या किल्ली!"

"न्हाय घेत."

"घ्या म्हणतोय न्हवं!"

"न्हाय घेत म्हटलं की न्हाय घेत!"

सगळा ट्रॅक जमला. गाड्या बंद करून लोक आमच्याकडं आले. बाप किल्ली घेत नाही आणि पोरगा देतोय, असा तमाशा कोल्हापुरात तरी कुणी बघितला नसेल. शेवटी दोस्त म्हणाला, "तुमचं चालू द्या, पण ही गाडी घरी कोण नेणार? ब्रेक तर तळून निघालेत."

मुलानं गाडीकडं बघितलं. मग माझ्याकडं. ब्रेक नसलेली गाडी गिअरवर घरापर्यंत आणायची हे त्याच्या ऑफिसात शिकवत नाहीत.

"मी नेतो," मी म्हणालो. "पण किल्ली तुझी. मी नुसता ड्रायव्हर."

"बरं," तो म्हणाला. "ड्रायव्हर, चला."

पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत आलो. पुढं दुकानदाराची स्कूटर रस्ता मोकळा करत. त्यानं रविवारचं बंद दुकान उघडून पॅडचा नवा जोड दिला आणि म्हणाला, "ह्याला पूजेआधी माझ्याकडं आणा, प्लास्टिकमधी बांधून देतो."

घरी मंडळी दारातच. दोघांना खालीवर बघून तिनं हात जोडले.

"आलात नव्हं धड? मला धाकधूक व्हती. म्हणून त्या नव्या सामानाला मी तेल जरा जास्तीच लावलं. म्हटलं, जोराचा खेळ हाय."

मुलानं तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात. पाय मंद झालेला नाही हे त्याला तिथंच कळलं असणार.

"लागू पडली तुझी पूजा," मी म्हणालो. "सगळे आमच्याकडंच बघत व्हते."

"आणि किल्लीचं काय झालं?"

"दिली त्याला."

तिनं पोराकडं असं बघितलं की तो जेवायला बसला तो वर न बघताच उठला. किल्ली त्यानं दारामागच्या खिळ्याला अडकवली, माझ्या खिशात नाही. मी किल्लीकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवस उजाडायच्या सुमाराला मी चाकं काढली. चकत्या पेट्रोलनं पुसल्या, आणि पॅडचा नवा जोड खोक्यातून काढतोय तोवर मागं बांगड्या वाजल्या. मंडळी. एका हातात हळदकुंकवाचा करंडा, दुसऱ्या हातात तेलाची वाटी.

"थांबा की. नवीन हाय न्हवं?"

मी पॅड धोतराच्या सोग्यात घेतली. "कुंकू लाव, मागच्या पत्र्याला. फूल वाहा. तेल नगं."

"का? शनीला चालतंय, ह्याला न्हाय चालत?"

"ह्याचा उपास असतोय."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग वाटी तुळशीपाशी ठेवली, मागच्या पत्र्याला कुंकवाचं बोट लावलं आणि झेंडूचं फूल माझ्या हातात दिलं. तिला किती कळलं ते मी कधी विचारलं नाही आणि तिनंही कधी सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षीपासून मात्र पूजेत तेलाची वाटी पाटाच्या त्या टोकाला असायची आणि पॅड ह्या टोकाला.

पॅड बसवली, चाकं आवळली. मग घरात जाऊन मी पोराच्या अंथरुणापाशी उभा राहिलो. आयुष्यात मी कुणाला काही मागितलं नव्हतं, आणि स्वतःच्या गाडीची किल्ली तर नाहीच.

"किल्ली घेऊ का रं जरा? दूध आणाय जायचं हाय."

तो डोळे चोळत उठून बसला. "घ्या की आबा. इचारताय कशाला?"

"तुझी हाय म्हणून इचारतोय."

गल्लीच्या टोकापर्यंत दोनचार वेळा पुढंमागं करून पॅडला थोडी ओळख करून दिली आणि कट्ट्यावर गेलो. तीच म्हैस, तीच जागा. ब्रेक लावला. गाडी तिच्या शेपटीपासून हातभर अलीकडं थांबली. वास कसलाच आला नाही, शेणाचा सोडून. म्हशीनं मान वळवून बंपरकडं बघितलं आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं.

"काय मामा," मालक ओरडला, "आज म्हस मागं सरली न्हाय वाटतं?"

मी खाली उतरलो, किल्ली खिशात टाकली आणि पेला पुढं केला.